हळद साबणाने लाल होते, मग लिंबाने पिवळीच का राहते?

मे महिन्यात आमचं वेंगुर्ल्याजवळचं घर भरलेलं असतं. त्या दिवशी जेवायला बांगड्याचं तिखलं होतं आणि आठवीतल्या भाचीच्या पांढऱ्या कुर्त्यावर त्याचे थेंब उडाले. ती उठली ती थेट मोरीवर गेली, कपडे धुवायची वडी घेतली आणि घासायला लागली. आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "साबण लावू नको गो, डाग लाल होतलो!" तोवर तो झालाच होता. पिवळ्या ठिपक्यांच्या जागी कुंकवाची बोटं पुसल्यासारखे लालभडक डाग. भाचीचा चेहरा उतरला. आत्याने लिंबाची फोड आणली, डागावर पिळली, आणि लाल रंग डोळ्यांदेखत परत पिवळा झाला. मग कुर्ता नीट खळबळून उन्हात टाकला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन दिवसांत डाग फिका पडला.

कोकणात ही गोष्ट घरोघरी माहीत आहे, फक्त तिला कुणी विज्ञान म्हणत नाही. पाय मुरगळला की हळद आणि चुना एकत्र कालवून लेप लावतात. बोटाने कालवता कालवता तो पिवळ्याचा लाल होतो. पूर्वी हा चुना किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचाच असे: शिंपले भट्टीत भाजायचे, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग पाणी मारलं की फसफसून कळीचा चुना फुटतो. पारंपरिक कुंकूही हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची प्रक्रिया करूनच होतं. टाकणखाराची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यातलं बोरॉन हळदीच्या रेणूला धरून बसतं आणि वेगळाच लाल पदार्थ तयार होतो. चुन्याची लाली मात्र लिंबाने पुसता येते, आणि आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

शाळेच्या भाषेत सांगायचं तर साबण आणि चुना हे आम्लारिधर्मी, लिंबू आणि चिंच आम्लधर्मी, आणि जो पदार्थ रंग बदलून यांची ओळख पटवतो तो दर्शक. हळद दर्शक आहे. लिटमसही दर्शक आहे, आणि तो दगडफुलाच्या जातकुळीतल्या सजीवांपासून काढतात. मालवणी मसाल्यात आपण जे दगडफूल टाकतो त्याचे हे लांबचे भाऊबंद, परदेशात समुद्रकाठच्या खडकांवर वाढणारे. इथवर सगळं पाठ्यपुस्तकात असतं. अडचण पुढे येते.

कुर्त्याच्या प्रकारानंतर भाचीला चेव आला. आम्ही हळदीचे कागद बनवले. हळद पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून चमचाभर हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळली (हे काम गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून, आणि मोठ्या माणसाने करायचं), गाळ खाली बसू दिला, वरच्या पिवळ्या पाण्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवल्या आणि सावलीत वाळवल्या. मग तिने पाच वाट्या मांडल्या: लिंबाचा रस, विहिरीचं पाणी, ताक, कपड्याच्या साबणाचं पाणी, चुन्याची निवळी. साबण आणि निवळीत पट्टी लाल झाली. उरलेल्या तिन्हींत पिवळीच राहिली. वहीत तिने लिहिलं: "लिंबू, पाणी आणि ताक सारखेच आहेत."

निरीक्षण अगदी बरोबर. निष्कर्ष चुकला, पण ही चूक तिची एकटीची नाही. आपण दर्शक शिकवतो तेव्हा रंग बदलला तर काय हे सांगतो. रंग बदलला नाही तर काय, हे सांगायचं राहून जातं. माझ्या मते संपूर्ण विषयात समजून घेण्यासारखं काही असेल तर ते हेच.

मी तिला संध्याकाळी खाडीवर नेलं. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडलेल्या, पलीकडे मोठा ट्रॉलर धक्क्याला टेकून उभा. भरती लागली तशी आधी लहान होडी हलली. तिला गुडघाभर पाणी पुरतं. मधला मचवा बऱ्याच वेळाने सुटला. ट्रॉलर उचलला गेला तेव्हा अंधार पडला होता. त्याआधीच मी विचारलं होतं, होडी तरंगतेय, म्हणजे पाणी किती? ती म्हणाली, गुडघ्याएवढं तरी नक्की. जास्तीत जास्त किती? ते होडीवरून नाही कळणार. आणि ट्रॉलर अजून रुतलेलाच आहे, म्हणजे पाणी अजिबात नाही का? नाही, त्याला पुरेसं नाही एवढंच.

दर्शकाचं तसंच असतं. प्रत्येक दर्शकाची सुटण्याची एक पातळी ठरलेली असते, आणि त्या पातळीच्या वर की खाली, एवढंच तो सांगतो. ही पातळी मोजायची पट्टी म्हणजे सामू, म्हणजेच पी-एच. डेन्मार्कच्या सोरेन्सनने १९०९ साली ती मांडली. साधारण ० ते १४ अशी ती वापरतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाचा रस २ च्या आसपास, चुन्याची निवळी १२ च्या थोडी वर. आणि यातली प्रत्येक पायरी दहापटीची आहे. ३ सामू असलेलं पाणी ४ पेक्षा दहापट आम्ल, ५ पेक्षा शंभरपट.

हळद साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान रंग बदलते. म्हणजे तिच्या दृष्टीने लिंबाचं २, ताकाचं साडेचार आणि विहिरीचं सहा-सात, सगळं ओहोटीतच. हळदीने तिघांना सारखं म्हटलं नाही. "माझ्या पातळीला पाणी पोचलेलं नाही" एवढंच तिन्ही वेळा सांगितलं.

मग हळदीनेच आम्ल ओळखायचं असेल तर? ट्रॉलर आधी तरंगता ठेवा आणि तो कधी रुततो ते बघा. धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात हळदीची पट्टी बुडवून लाल करा, वाळवा. ही लाल पट्टी साध्या पाण्यात बरीचशी लालच राहते, लिंबाच्या थेंबाने मात्र लगेच पिवळी होते. आता हळद आम्ल दाखवू लागली! प्रयोगशाळेत लिटमसचे दोन रंगांचे कागद का ठेवतात, हे भाचीला त्या क्षणी न सांगता समजलं. निळा कागद आम्लासाठी, लाल कागद आम्लारीसाठी. द्रव्य एकच, फक्त सुरुवातीला ते कुठल्या काठावर उभं आहे एवढा फरक.

आता रेणूच्या आत जाऊ. आम्ल म्हणजे पाण्यात हायड्रोजनचे आयन सोडणारा पदार्थ, आणि आम्लारी ते आयन गिळतो. दर्शकाचा रेणू बहुतेक वेळा स्वतःच एक दुबळं आम्ल असतो. त्याच्या अंगावर एखादा हायड्रोजन सैलसर अडकलेला असतो. भोवती हायड्रोजन आयनांची गर्दी असेल तर तो जागेवर राहतो, कारण एक सुटला तर दुसरा येऊन बसतो. गर्दी ओसरली की तो जातो आणि जागा रिकामीच राहते. हायड्रोजन गेला की रेणूतले इलेक्ट्रॉन वेगळ्या तऱ्हेने पसरतात आणि रेणू वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो. हळदीतलं कर्क्युमिन एरवी निळा-जांभळा प्रकाश शोषतं, उरलेलं आपल्याला पिवळं दिसतं. हायड्रोजन गमावल्यावर ते हिरव्या भागातलाही प्रकाश खातं, आणि आपल्यापर्यंत पोचतो तो लाल. लिंबू पिळलं म्हणजे आयन परत दिले. रेणू मोडलेला नव्हता, म्हणून तो जसाच्या तसा मागे फिरला.

रंग एकदम न बदलता एका पट्ट्यात का बदलतो, हेही यातून उलगडतं. मधल्या पातळीला काही रेणू पिवळे असतात, काही लाल. एका रंगाचे रेणू दुसऱ्याच्या साधारण दहापट झाल्याशिवाय आपल्या डोळ्याला तो रंग निखळ दिसत नाही. एका बाजूला दहापट आणि दुसऱ्या बाजूला दहापट, म्हणून बहुतेक दर्शकांचा पट्टा सामूच्या दीड-दोन घरांएवढा पसरलेला असतो. मधे जे नारिंगी दिसतं ते दोन्हींचं मिश्रण.

हळद झाली. पण कोकणात खरा राजा दर्शक म्हणून बघायचा तो रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ. मे महिन्यात पडवीत रातांबे फोडण्याचं काम चाललेलं असतं. सालं वेगळी, बिया वेगळ्या, हात कोपरापर्यंत लाल. सालं मिठात मुरवून काढलेलं आगळ बाटलीत भरलं की वर्षभर पुरतं. हा लाल रंग सायनिडिन नावाच्या रेणूच्या कुळातला. गुलाबात, जांभळात, करवंदात याच घराण्यातले रंग असतात, त्यांना एकत्रितपणे अँथोसायनिन म्हणतात. हळदीसारखी याची एकच पातळी नाही, ते टप्प्याटप्प्याने बदलतं.

काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात चमचाभर आगळ घाला. माणकासारखा लाल रंग येतो. आता खायचा सोडा चिमटीने घालत जा आणि प्रत्येक वेळी थांबून बघा. फेस येतो, कारण आगळातलं आम्ल सोड्यातला कार्बन डायऑक्साइड हुसकावतं. पहिल्या एक-दोन चिमटींनंतर रंग गडद होण्याऐवजी चक्क उडतो, पाणी फिकट होतं. पुष्कळ जण इथे प्रयोग फसला म्हणून सोडून देतात, कृपा करून देऊ नका. साधारण ४ ते ६ या सामूत या रेणूला पाणी येऊन चिकटतं आणि त्याचा रंगच जातो. रेणू आहे, दिसत नाही. आणखी चिमूटभर घाला, जांभळट छटा परत येते. आणखी घाला, राखाडी-निळसर. चुन्याची निवळी घातली तर हिरवट होतं. तो हिरवा म्हणजे निळे रेणू आणि मोडून पिवळे झालेले रेणू, दोन्ही एकाच पेल्यात. तसंच ठेवलं तर पिवळट-तपकिरी होत जातं. आता त्यात कितीही लिंबू पिळा, पहिला माणकासारखा लाल पुरता परत येत नाही, कारण इथे रेणू खरोखर फुटले आहेत.

सोलकढीचा गुलाबीही इथूनच येतो. नारळाचं दूध ६ च्या आसपास असतं, म्हणजे नेमका रंग उडण्याचा टप्पा. आगळ सढळ हाताने पडलं तर सगळी कढी आंबट राहते आणि गुलाबी टिकतो. कमी पडलं तर फिकट, जांभळट छटा येते. "कढीक रंग नाय" असं आत्या म्हणते तेव्हा ती सामूबद्दलच बोलत असते, आणि तिचा उपायही बरोबरच असतो: अजून थोडं आगळ.

जास्वंद आणि गोकर्ण हेही याच घराण्यातले. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की मिळणारं पाणी आम्लाने गर्द गुलाबी आणि सोड्याने हिरवं होतं. गोकर्णाचं निळं पाणी लिंबाने जांभळं, खूप लिंबाने गुलाबीकडे, आणि साबणाने हिरवट. रॉबर्ट बॉइलने १६६४ साली रंगांवरच्या आपल्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या सरबताबद्दल हेच नोंदवलं होतं, आम्लाने लाल आणि आम्लारीने हिरवं. चवीवर न विसंबता पदार्थांचे गट पाडण्याची वाट तिथून सुरू झाली.

शाळा-कॉलेजात भेटणारे मिथिल ऑरेंज आणि फिनॉल्फ्थॅलीन हे या भरतीच्या खेळातले फक्त आणखी दोन तराफे आहेत. पहिला ३.१ ते ४.४ च्या मध्ये लालाचा पिवळा होतो, दुसरा ८.२ पर्यंत बिनरंगी आणि १० पर्यंत गुलाबी. बरेच दर्शक योग्य प्रमाणात मिसळले की वैश्विक दर्शक तयार होतो. वेगवेगळ्या उंचीच्या होड्या एका रांगेत बांधल्यासारखं. किती सुटल्या ते मोजा, पाण्याचा अंदाज येतो.

दोन फसवणुकी मात्र ध्यानात ठेवायच्या.

पहिली ब्लीचिंग पावडरची. पावसाळ्यात आपल्याकडे पायऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यावर ती मारतात, विहिरीतही टाकतात. तिच्या पाण्यात हळदीची पट्टी बुडवली तर ती क्षणभर लाल होते आणि मग पांढरी पडते. हे पांढरं होणं आम्लही नाही आणि आम्लारीही नाही. क्लोरीनने रंगाचा रेणूच खाऊन टाकला. रंग बदलणं आणि रंग मरणं यात फरक आहे. पट्टीवर लिंबू पिळून बघा, पिवळा परत आला नाही तर समजा रंगच गेला. लिंबू पिळायचं ते फक्त पट्टीवर, ब्लीचिंगच्या भांड्यात कधीही नाही. संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे हे दोन पदार्थ प्रयोगाच्या नावाखालीसुद्धा जवळ आणायचे नाहीत. चुन्याची निवळी हाताळतानाही डोळे सांभाळायचे.

दुसरी फसवणूक आम्हाला समुद्राने शिकवली. भाचीने बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं. तिने कुठेतरी वाचलं होतं की समुद्र किंचित आम्लारिधर्मी असतो, आणि ते खरं आहे, त्याचा सामू सरासरी ८.१ आहे. तिने पेलाभर पाण्यात चमचाभर आगळ घातलं आणि जांभळ्या रंगाची वाट बघत बसली. पाणी लालच राहिलं. ती म्हणाली, म्हणजे आपला समुद्र आम्ल झालाय का?

समुद्र नाही, पेला आम्ल झाला होता. आगळ स्वतः चांगलं जोरदार आंबट असतं. समुद्राच्या पाण्यात आम्ल गिळण्याची ताकद थोडीशीच असते आणि चमचाभर आगळाने ती पेल्यापुरती संपवून टाकली. खायच्या सोड्याच्या वेळी हे जाणवलं नाही, कारण सोडा आम्ही भरपूर घालत होतो. दर्शक हा साक्षीदार असतो, त्याने भांडणात पडायचं नसतं. म्हणून प्रयोगशाळेत तो दोन थेंबच घालतात, तेही इतके तीव्र रंगाचे की थेंबभरात सगळं पाणी रंगावं.

मग आम्ही गोकर्ण घेतला, त्यात आंबटपणा नाही. समुद्राच्या पाण्यात तो निळा राहिला. विहिरीच्या पाण्यातही निळाच. ८.१ ला तो ठळकपणे हलतच नाही. हळदीची पट्टी टाकली, तर ती किंचित तांबूस वाटत होती आणि नव्हतीही. आम्ही दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

समुद्राचा सामू मोजणारे शास्त्रज्ञही एक रंगच वापरतात, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. त्या रंगाचं नाव मेटा-क्रेसॉल पर्पल. तो साधारण ७.४ ला पिवळा आणि ९ ला जांभळा, म्हणजे समुद्राची पातळी बरोबर त्याच्या पट्ट्याच्या मध्यात येते. ते डोळ्याने रंग बघत नाहीत. नमुन्यात थेंबभर रंग घालून त्यातून प्रकाश सोडतात आणि पिवळे रेणू किती, जांभळे किती, याचं गुणोत्तर यंत्राने मोजतात. त्यातून सामू दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत मिळतो. एवढी बारकाई लागते, कारण गेल्या दोन-अडीचशे वर्षांत आपण जाळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरून त्याचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ०.१ ऐकायला काहीच नाही. पण दहापटीच्या पट्टीवर याचा अर्थ हायड्रोजन आयन जवळपास पाव पटीने वाढले, आणि कालवं, तिसऱ्या, खुबे ज्या कार्बोनेटपासून शिंपले बांधतात ते त्या प्रमाणात कमी झालं.

भाचीने वहीतलं जुनं वाक्य खोडलं नाही. त्याच्याखाली लिहिलं: "हळदीला लिंबू, पाणी आणि ताक यांच्यातला फरक कळत नाही. आगळाला कळेल का, बघायचं आहे. थेंबच घालायचा."